उलाळ गाडीचा निकाल

मंचरच्या बाजारपेठेत पस्तीस वर्षं खेळण्यांचं दुकान चालवलेल्या माणसानं दिवाळी अंकात लिहावं तरी काय, असं मी संपादकांना विचारलं. ते माझे जुने गिऱ्हाईक. म्हणाले, "भिंतीवर लिहिता तेच लिहा, फक्त जरा लांब लिहा." त्यांना भिंत ठाऊक आहे. तुम्हाला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या दुकानात गल्ल्यामागची अख्खी भिंत चिठ्ठ्यांनी भरलेली आहे. ब्लॉक जोडून गाडी, घर, विमान करायचे सेट येतात ना, त्यातला कुठलाही नवा सेट आला की एक खोका मी स्वतः फोडायचो. दुकानातच स्टुलावर बसून पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत तो जोडायचो आणि मग निकाल लिहून भिंतीवर डकवायचो. 'चाके चांगली, दार ढिले.' 'पिवळे ब्लॉक हलके, बाकी ठीक.' 'सहा वर्षांखालील मुलास देऊ नये, बापास देण्यास हरकत नाही.' लोक आधी भिंत वाचायचे, मग खोक्याकडे बघायचे. पुण्याहून माल देणारा व्यापारी माझ्यावर वैतागलेला असायचा. पण तालुक्यात माझ्या चिठ्ठीला किंमत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

आता दुकान मुलगी बघते. मी रोज जाऊन बसतो, चहा पितो आणि भिंतीवरची धूळ झटकतो.

या परीक्षणात जादू काही नाही. एक ब्लॉक दुसऱ्यावर दाबला की 'टक' असा आवाज आला पाहिजे. हलक्या मालाचा आवाज येत नाही, तो नुसता चिकटतो किंवा सुटतो. बसलेला ब्लॉक लहान मुलाच्या नखानं निघालाही पाहिजे, नाहीतर मूल दात लावतं. खोक्यात तुकडे पुरे हवेत, पुस्तिकेतली चित्रं भलतीकडे नेणारी नकोत. आणि वाहन असेल तर शेवटची परीक्षा वडिलांची.

माझे वडील अवसरी बुद्रुकचे सुतार. बैलगाड्या करायचे. गाडी तयार झाली की जुवाखाली एक बोट घालून उचलून बघायचे. गाडीचा तोल मागे गेला, म्हणजे गाडी उलाळ झाली, की जू वर उचललं जातं आणि बैलांना गळफास बसतो. पुढे जड झाली तर मानेला घट्टे पडतात. "गाडी मालकानं न्हाई, बैलानं पास करायची असती," असं ते म्हणायचे. ट्रॅक्टर आले, गाड्यांचं काम संपलं. मग मी लाकडी छोट्या गाड्या करून गावोगावच्या यात्रांत विकायला लागलो, त्यातून दुकान उभं राहिलं. पण बोट तेच राहिलं. कुठल्याही खेळण्यातल्या गाडीच्या पुढच्या टोकाखाली बोट घातल्याशिवाय मी निकाल लिहिला नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. महाळुंगे पडवळचे एक गाडामालक यायचे. शर्यतीच्या घाटात त्यांचे बैल पळायचे, त्यामुळे सेकंदांशिवाय त्यांना काही कळायचंच नाही. नातवासाठी रेसची गाडी हवी म्हणून त्यांनी मला तीन सेट जोडायला लावले, दुकानात फळी तिरपी लावली आणि खिशातून स्वतःचं स्टॉपवॉच काढलं. बाहेर रस्त्यावर गर्दी. एकानं तर "झाली झाली झाली" करून शर्यतीतल्यासारखं पुकारायला सुरुवात केली. शेवटी त्यांनी दुसरी आलेली गाडी घेतली. मी कारण विचारलं. म्हणाले, "राव, पयल्या नंबराची एक डाव पळालीया. ही तिन्ही डाव सारखी पळाली." मी तेव्हापासून गाड्या तीनदा सोडून बघायला लागलो.

दुसरे एक निवृत्त कंडक्टर. बसचा सेट चार दिवसांनी परत घेऊन आले. भिंतीवर मी मोठ्या दिमाखात 'सर्वोत्तम' लिहिलं होतं. त्यांनी बस गल्ल्यावर ठेवली आणि विचारलं, "कंडक्टर कुठं बसायचा?" मी बघितलं तर खरंच, दाराजवळ त्याची जागाच नव्हती. जादा ब्लॉक वापरून मी एक आसन करून दिलं. त्यांनी ते बोटानं दाबून बघितलं, समाधान झालं आणि गेले. मी 'सर्वोत्तम' खोडून 'उत्तम' केलं.

एवढं सगळं शिकूनही मी एकदा सपशेल तोंडघशी पडलो. ते सांगायचं म्हणून तर हा लेख.

चार-पाच वर्षांपूर्वी एका जादूच्या सिनेमातल्या गाडीचा सेट आला. सिनेमाचं नाव खोक्यावर इंग्रजीत एक होतं आणि टीव्हीवर हिंदीत दुसरंच लावायचे. मी तो बघितला नव्हता. गाडी दोन चाकांची, मागच्या टोकाला उंच आसन, त्यावर बसवायला झिपऱ्या केसांची एक म्हातारी, आणि दोन्ही बाजूंना मोठे पंख. ब्लॉकचा आवाज काय सांगू, अस्सल टक. मी खूश होऊन जोडत गेलो. कणा, म्हणजे चाकांचा आस, बसवला, चाकं घातली, म्हातारीला आसनावर बसवलं आणि गाडी खाली ठेवली. गाडीनं ढुंगण टेकलं, तोंड आभाळाकडे.

उलाळ! सपशेल उलाळ. माझ्यातला सुताराचा पोर उसळला. एवढी मोठी कंपनी, आणि साधा तोल कळू नये? मी कणा काढला आणि चार मणी मागे घेऊन बसवला. ब्लॉकवर ते गोल उंचवटे असतात, त्यांना मी मणी म्हणतो. गाडी कशी सरळ उभी राहिली. पुढच्या टोकाखाली बोट घातलं, हलकं फूल. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं. पंख राहिलेच होते. पंख म्हणजे काय, नुसती सजावट, असं म्हणून मी ते पिशवीत टाकले आणि चिठ्ठी लिहिली: 'गाडी उलाळ. घेऊ नये.' उरलेले खोके व्यापाऱ्याला परत पाठवले. पहिल्यापासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत जोडायचं हा माझाच नियम, आणि तो त्या दिवशी मीच मोडला. मला ते जाणवलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी राजुरीहून सुनंदा नावाची एक बाई आली. तिच्या सासूच्या, कोंडाबाईंच्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सावरला होता, पण उजवा हात साथ देत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मऊ चेंडू दाबायला दिला होता, तो त्यांनी अंगणात भिरकावला. मग मॅडमनी ब्लॉक जोडायला द्या म्हटल्यावर कोंडाबाई म्हणाल्या, आनायची तर टीव्हीतल्या त्या म्हातारीची उडती गाडी आना, दुसरं काय बी नको.

"आत्यांनी पडल्या पडल्या तो पिक्चर चार येळा बघितलाय, भाऊ," सुनंदा म्हणाली. "थिनिंगला त्यांच्यासारखा हात आमच्या शिवारात कुनाचा नव्हता. आता बोटात कात्री धरवत न्हाई. ते त्यांना लई लागलंय."

थिनिंग म्हणजे द्राक्षाच्या घडातले जादा मणी लहान असतानाच कात्रीनं काढायचे. दाटीत मणी फुगत नाहीत, एकमेकांना चेंगरतात. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा हे बोटांनाच कळावं लागतं. कोंडाबाईंचं माहेर-सासर दोन्ही मेंढरांमागे फिरलेलं, पण नारायणगावच्या बाजूला बागा वाढल्या तशा त्या थिनिंगला जायला लागल्या आणि पुढे बायकांची टोळीच चालवायला लागल्या. अशा बाईचा हात गेला म्हणजे काय गेलं, हे मला सांगायला नको होतं. सुताराचा मुलगा आहे मी.

मी सुनंदाला चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, त्यांना हीच पाहिजे. मग मी माझा फोडलेला सेट सुटा करून पिशव्या भरल्या आणि तसाच दिला. इथवर ठीक. पण मला राहवलं नाही. पुस्तिकेतल्या कण्याच्या चित्रावर मी सुतारी पेन्सिलीनं फुली मारली, बाण काढला, चार मणी मागे खूण केली. वर सुनंदाला म्हणालो, "कंपनीची चूक आहे, मी दुरुस्त केलीय. आत्यांना सांगा, खुणेप्रमाणे जोडा." कसला मोठा उपकार केला असं मला वाटत होतं.

दीड महिन्यानं सुनंदा पुन्हा आली, या खेपेला पडलेल्या चेहऱ्यानं. आत्यांनी सगळी गाडी जोडली होती. रोज आठ-दहा ब्लॉक, कधी दोनच. पुढे पंखांपाशी आल्या आणि पंख बसेचनात. तीन दिवस झटल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "हात मेलाय माझा, उगा मढ्याला मालिश चाललंय." तेव्हापासून हात पदराखाली. जेवणही डाव्या हातानं. मॅडम आल्या की भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

मी आधी काय म्हणालो असेन? "मी म्हणत होतो ना, सेटच वाईट!" हे मी बोललो, आणि आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते. सुनंदानं मोबाईल काढून सिनेमातलं चित्र दाखवलं. "पन यात तर पंख बसलेत, भाऊ."

मी चष्मा लावून बघितलं. चित्रात चाकं पुढे होती आणि पंख त्यांच्या मागे, बरोबर चार मण्यांच्या जागेत. मी त्या जागेवर कणा नेऊन ठेवला होता. पंख बसणार कुठे? तिथे कंपनीच्या मुख्य इंजिनिअरचा हात असता तरी बसले नसते.

मुलीला दुकानात बसवलं आणि स्कूटर काढली. नारायणगाव, आळेफाटा करत राजुरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळलं नाही.

कोंडाबाई ओसरीत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोळे मात्र मेंढरं मोजणाऱ्याचे. समोर पाटावर गाडी, सरळ उभी, बिनपंखांची. "या, भाऊ. च्या घ्या," त्या म्हणाल्या. "आन ही घिऊन जा माघारी. दुसऱ्या कुनाच्या तरी कामाला ईल."

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मावशी, तुमचा हात बरोबर आहे. पुस्तक मी खराब केलं." आणि सगळं सांगितलं. उलाळ गाडी, चार मणी, पेन्सिल, आणि पंख न जोडताच लिहिलेला निकाल.

त्या म्हणाल्या, "तीन दिस मी ह्या हाताला शिव्या दिल्या. पोरगा गेला तवा देवाला दिल्या नसतील एवढ्या दिल्या. त्या आता कुनाला द्यू?"

"मला द्या," मी म्हणालो.

आणि त्यांनी दिल्या. मला वाटलं होतं, माणूस असं म्हणतो आणि समोरचा सोडून देतो. कोंडाबाईंनी सोडलं नाही. शेजारची दोन घरं ऐकायला बाहेर आली. पोट भरून झाल्यावर त्यांनी दम घेतला आणि म्हणाल्या, "पिक्चर बघितलाय का तुमी?"

"नाही."

"बघितला न्हाई आन निकाल दिला? आवं, ती गाडी उलाळच पायजे. म्हातारी मागं बसती, तिच्या वजनानं म्होरलं त्वांड उचालतं, मंग वारं पंखाखाली शिरतं आन उडती गाडी. डोंगार वलांडून जाती. आमच्या सासऱ्यामागं मेंढरं घिऊन मी माळशेजचा घाट पायानं उतारला, तवा मला ती गाडी असती तर!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उलाळ, उलाळ काय करता? बैलच न्हाई तिला, मंग फास बसायचा कुनाला?"

पन्नास वर्षं बोट घालून मी तोल बघत आलो, आणि बैल आहे की नाही हे बघायचं राहून गेलं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. माझे टोचले ते थिनिंगच्या बाईनं.

मी घाईनं गाडी उचलून कणा काढायला लागलो. माझ्या मनगटावर फाटकन चापट बसली. "ठिवा खाली. मी काढती." चापट डाव्या हाताची होती. उजवा पदराखालून हळूहळू बाहेर आला.

दुपारभर मी तिथे बसलो. कणा काढणं हे जोडण्यापेक्षा अवघड असतं, नखात जोर लागतो. त्यांची बोटं थरथरत ब्लॉकवर जायची, घसरायची, परत जायची. मला दहादा वाटलं पुढे व्हावं, पण मनगट अजून चुरचुरत होतं. मी एका कोपऱ्यात बसून खोडरबरानं पुस्तिकेवरची पेन्सिल पुसत राहिलो. दिवस कलला तेव्हा कणा निघाला होता, एवढंच. त्या घामाघूम झाल्या होत्या. "आता जावा," म्हणाल्या. "रोज कुनी बगत बसलं की हात बुजतो."

घरी येऊन मी मुलीच्या मोबाईलवर तो सिनेमा बघितला. बरा आहे. लांबण लावलीय, पण गाडी उडते तो भाग मी तीनदा मागे नेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी जुनी चिठ्ठी काढून नवी लावली: 'गाडी उलाळ. तशीच पाहिजे. चूक परीक्षकाची.' व्यापाऱ्याला फोन करून परत पाठवलेले खोके मागवले. तो काय म्हणाला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

आठवडा गेला. एका सकाळी दुकान उघडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास, आणि कोंडाबाईंचा आवाज, "भाऊ, बोलू नगा. आयका." रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो गेला, मी दुसरा कान बोटानं बंद केला. थोड्या वेळानं आलं: टक.

"आयकलं का?"

"ऐकलं, मावशी."

"दुसरा बसवती. थांबा." दुसऱ्याला बराच वेळ लागला. मी अर्ध्या उघडलेल्या शटरखाली तसाच उभा होतो, एक गिऱ्हाईक वाट बघून गेलं. मग तोही आवाज आला. हजारो वेळा ऐकलेला आवाज तो, पण माझे डोळे भरून आले. मला ते लपवायचं नाही.

या धंद्यानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी गाडामालकाची फळी सांगतो, कंडक्टरचं आसन सांगतो आणि हा फोन सांगतो. माझ्या हातून एका बाईचा धीर खचला होता, आणि तिनं तो परत मिळवताना मला दूर ढकललं नाही, फोनवर का होईना शेजारी उभं केलं. तिचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

पुढच्या हंगामात द्राक्षं उतरायला लागली तेव्हा कोंडाबाई सुनेबरोबर मंचरला आल्या. काठी टेकत दुकानात शिरल्या, आधी भिंतीवरची चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली आणि मान डोलावली. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक घड काढून गल्ल्यावर ठेवला.

"ह्यो मी इरळला. एकच. दोन दिस लागलं. सून म्हनली, ह्या चालीनं बाग उरकाया सात जल्म लागतील." सुनंदा हसत होती. कोंडाबाई हसत नव्हत्या. "तुमी परीक्षक ना? मंग बगा आन सांगा. पास का नापास."

काळाभोर, टपोऱ्या मण्यांचा घड. माझ्या ओठावर 'पास' आलंच होतं. ते मी गिळलं. चष्मा लावला, देठ धरून घड उजेडात उचलला आणि वरपासून एकेक पदर बघत खाली आलो. टोकापर्यंत सगळा बघून झाला तेव्हा मी तोंड उघडलं.

"वरचा घड पास, मावशी. अगदी खाली, टोकाला, दोन मणी चेंगरलेत. तिथला एक काढायचा राहिला."

सुनंदानं माझ्याकडे डोळे वटारले. कोंडाबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"सून म्हनती समदा पास," त्या म्हणाल्या. "मला ठावं व्हतं. तितं हात थकला व्हता. म्हनलं बगू, ह्यो आता तरी शेवटापतोर बगतो का." आणि पुढे वाकून त्यांनी ते चेंगरलेले दोन मणी स्वतः तोडले, उजव्या हातानं, आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"खा," म्हणाल्या. "ग्वाड हायती."